गंधाचा रकाना

"अगोदर नाक, मागून मिशन," असं म्हणत राव सार नदीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचे. बाटली नाकाला लावायची नाही, हा त्यांचा नियम. ती छातीपाशी धरायची, दुसऱ्या हाताच्या पंजाने तिच्या तोंडावरून दोनदा वारा घालून वास आपल्याकडे ओढायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. डावी भुवई वर गेली की आम्ही समजायचो, निकाल तयार आहे. "सैदापेट," ते पाणी कुठलं ते सांगायचे. "आज सांबार आंबलेले आहे, अम्मा. दोन दिवसांचे."

मिशन म्हणजे मशीन. आमच्या प्रयोगशाळेत लाखालाखाची मशिनं होती आणि त्यांच्यापुढे हा साठीला टेकलेला, उंच, किडकिडीत माणूस नाक घेऊन उभा. मला सुरुवातीला हसू यायचं. पण तासाभराने मशिनातून आकडे निघायचे, आणि ज्या बाटलीला ते "आंबलेले" म्हणाले होते तिचेच आकडे सगळ्यांत वाईट असायचे. चार-पाचदा असं झाल्यावर हसणं माझ्याच अंगाशी आलं.

आमची प्रयोगशाळा चेन्नईत, अड्यारमध्ये. पाणी तपासणं हा तिचा धंदा. मी लग्न होऊन मिरजेहून इथे आले. नवरा ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात, उजाडायच्या आत कंपनीची बस पकडून जाणारा. मी रसायनशास्त्रातली पदवी घेऊन घरात बसून कंटाळले आणि इथे लागले. तमिळ येत नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी सगळे डबे उघडून हसत-बोलत होते आणि मी खिडकीशी मुक्याने पोळी चावत होते. पाठीमागून आवाज आला, "तुम्ही घरून काय आणलांत? पोळी की भात?" मराठी होतं, पण जुन्या कागदातून उठून आल्यासारखं, आणि सूर पूर्ण तमिळ.

ते तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेत आले ते इथलेच झाले. त्यांनी महाराष्ट्र पाहिला नव्हता. "पुणे मला नकाशावर ठाऊक," असं निर्विकारपणे सांगायचे. तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. लग्न केलं नव्हतं. ऑफिसात सगळे त्यांना 'राव सार' म्हणायचे, चेन्नईत मराठी माणसाला तेवढं नाव पुरतं. मला ते अम्मा म्हणायचे, इथे लेकीच्या वयाच्या बाईलाही तसंच म्हणतात. एकदा त्यांच्या डब्यात उडदाच्या पिठाचं ताकात कालवलेलं डांगर निघालं आणि माझे डोळे भरून आले. माझी आजी तसंच करायची, नावही तेच. त्यानंतर दर सोमवारी त्यांची अक्का माझ्यासाठी वेगळ्या डबीत डांगर पाठवू लागली. या शहरात मला मराठीत विचारपूस करणारं माणूस कारखान्यातून थकून येणाऱ्या नवऱ्याखेरीज एकच होतं, हे तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे मी जे केलं त्याची किंमत त्याशिवाय कळणार नाही.

दर गुरुवारी अड्यार नदीचे नमुने यायचे. सात ठिकाणं, सात ओळींचा एक फॉर्म. वेळ, तापमान, रंग, आणि मग 'गंध' नावाचा रकाना. या रकान्यात 'नाही', 'मातकट', 'सांडपाणी', 'सडके अंडे' यांपैकी एक शब्द लिहायचा असतो. राव सार तो लिहायचेच, पण शेजारच्या समासात बारीक अक्षरात भरही घालायचे: 'ओल्या गोणपाटासारखा', 'डिझेल, थोडे', 'वरच्या अंगास कोणी चामडे धुतले'. एक आठवडा दुसऱ्यासारखा कधी नसायचा.

एकदा मी त्यांच्याबरोबर व्हॅनमधून सगळी फेरी केली. पुलावरून येता-जाता नाक दाबणाऱ्या माणसांना ही नदी कुठून येते ते ठाऊक नसतं, मलाही नव्हतं. पश्चिमेला तळी आहेत, पावसाचं पाणी धरणारी जुनी. त्यांच्या सांडव्यातून ती निघते तेव्हा म्हशी पोहत असतात आणि बगळे चालत असतात. तिथल्या बाटलीला वासच नव्हता. मग वस्त्या लागतात, प्रत्येक वस्ती तिला आपापलं काहीतरी देते. विमानतळाची एक धावपट्टी तिच्या डोक्यावरून जाते. सैदापेटला पूर्वी धोबी हिच्या पाण्यात अख्ख्या शहराचे कपडे पांढरे करायचे, असं ते म्हणाले. त्यांची आई लहानपणी त्यांना तिथे मावशीकडे न्यायची आणि ते नदीत डुंबायचे. मग मोठाल्या पुलांखालून जाऊन खाडी, आणि शेवटी वाळूचा बांध, जो कधी फुटलेला असतो, कधी मिटलेला. मोठ्या पुराच्या वर्षी हीच नदी लोकांच्या पहिल्या मजल्यावर गेली होती. "म्हातारी आहे, अम्मा," ते म्हणाले. "आजारी नव्हे. आजार बाहेरून आणून घालतात."

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. बादली त्या त्या ठिकाणच्या पाण्यानेच तीनदा विसळायची. प्राणवायूची बाटली काठोकाठ भरून काचेचं बूच असं बसवायचं की आत एक बुडबुडा राहता कामा नये. मग तिथेच काठावर दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. तळ्यापाशी साका तपकिरी झाला तेव्हा त्यांनी बाटली उन्हात धरून मला दाखवली. सैदापेटला पांढराफटक आला. त्यांनी बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली आणि हात धुतले.

पाचवं ठिकाण म्हणजे नाला. एका वस्तीच्या मागे तो नदीला मिळतो. नदीत मिसळायच्या आधीचं त्याचं पाणी हवं असेल तर लोखंडी झाकण उघडून चेंबरमध्ये उतरावं लागे, भिंतीत रोवलेल्या गंजक्या पायऱ्यांवरून. खाली वळण असल्याने वरून बादली पाण्यापर्यंत जात नसे. बरोबर वायू मोजायचं एक उपकरण असायचं, ते दुरुस्तीला गेलं ते गेलंच. राव सार झाकणापाशी उभे राहून पंजाने वारा घालत आणि मगच उतरत. "सडक्या अंड्याचा वास येतो तोंवर भय थोडे," त्यांनी मला सांगितलं होतं. "वास फार आला तर उतरायचे नाही. उतरल्यावर एकाएकी थांबला, तर आपण थांबायचे नाही, वर यायचे. ती हवा पहिल्याने नाकास मारते, मागून मनुष्यास."

कोविडची दुसरी लाट आली तेव्हा निम्मी प्रयोगशाळा आडवी झाली. राव सार महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा शर्ट हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता, पण नेम चुकला नाही. पुढच्या गुरुवारी बाटली छातीपाशी, पंजाचा वारा, भुवई वर. "सैदापेट. सांबार." सगळ्यांना बरं वाटलं.

काही महिने गेले. मग एकदा तीन दिवस कोसळून पाऊस झाला, नदी दुथडी भरली, आणि गुरुवारचे नमुने आले. सैदापेटच्या बाटलीत साका चक्क तपकिरी होता. आकडा काढला तर भरपूर प्राणवायू. नदी धुऊन निघाली होती. मी खुशीत फॉर्मवर नोंद करायला गेले, तर गंधाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'सडके अंडे'.

आता तुम्ही रसायनं शिकला नसलात तरी एवढं लक्षात घ्या: ज्या पाण्यात इतका प्राणवायू आहे त्याला सडक्या अंड्याचा वास येत नाही. दोन्ही एका बाटलीत नांदत नाहीत. मी तिथलीच दुसरी, औषधं न घातलेली बाटली उघडून हुंगली. ओल्या मातीचा वास होता, आमच्या कृष्णेला पुरात येतो तसा.

मी जुने फॉर्म काढले. आजारपणानंतरचा प्रत्येक गुरुवार सारखा होता. तेच शब्द, त्याच क्रमाने, सात ओळींत सात. समास कोरे. त्यांना वास येत नव्हता. ते आठवणीतून लिहीत होते. आणि दर गुरुवारी, येत नसलेल्या वासाच्या भरवशावर, त्या चेंबरमध्ये उतरत होते.

तरी खात्री करावी म्हणून मी एक गोष्ट केली, जिची मला आजही लाज वाटते. नमुन्याची रिकामी बाटली घेतली, पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली भरली, आणि त्यांच्यापुढे धरली. "राव सार, हे कुठलं हो? चिठ्ठी निघून गेलीय." त्यांनी बाटली छातीपाशी धरली. पंजाने वारा घातला. डोळे मिटले. भुवई वर गेली. "सैदापेट," ते म्हणाले, आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा खोटं बोलू शकत नाही, हे माझी आई लहानपणापासून सांगते.

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "हे नळाचे काय?"

मी मान हलवली.

"ज्वर गेला, त्याबरोबर तेही गेले," ते हळू म्हणाले. "डाक्टर म्हणाले, येईल. आले नाही."

"अक्कांना ठाऊक आहे?"

"तिला ठाऊक. रसम तळास लागला तरी ती सांगत नाही. मी चांगले आहे म्हणतो, ती होय म्हणते."

मी म्हटलं, मॅनेजरना सांगायला हवं. नाल्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते तेव्हा मला सबब वाटलं. "मला काढतील, ते असो. पण अम्मा, नाल्यात उतरणारा दुसरा कोण? कोणी नाही. ते मनुष्य नेमणार नाहीत, नालाच सोडतील. कागदावरून काढतील. मग नाला आहे हे कोणास ठाऊक?"

"तुमच्या जिवापेक्षा नाला मोठा आहे का?"

त्यांनी नळाची बाटली बेसिनमध्ये ओतली. म्हणाले, "मी उतरत नाही. वरूनच कांही जमवतो. तुम्ही कोणास सांगू नका. सरि?"

"सरि," मीही तमिळमध्येच 'ठीक' म्हटलं, आणि मूग गिळून बसले.

पुढच्या गुरुवारी नाल्याची बाटली आली. लांब काठीस बांधून वरूनच घेतलं, असं ते म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आली. बूच नीट बसलेलं, आत बुडबुडा नाही. काठीला बांधलेल्या बाटलीत बुडबुडा राहतोच, हे मला कळत होतं. पण ज्यावर विश्वास ठेवला की आपलं सगळं सुरळीत चालतं, त्यावर माणूस ठेवतोच. माझं डांगर सोमवारी येत होतं. दुपारी मराठीत गप्पा होत होत्या. फक्त गुरुवारी व्हॅन परत येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नसे. आकडे दोनदा चुकले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की श्वास सुटायचा.

एप्रिलात व्हॅनचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, सारचे गुडघे आता गेले, नाल्याच्या पायऱ्या चढायला वेळ लागतो. मी पुढच्या गुरुवारी कसलंतरी निमित्त काढून व्हॅनमध्ये बसले. राव सारांनी मला पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

नाल्यापाशी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. पाणी आटलं होतं. ड्रायव्हरने पहार घालून झाकण सरकवलं आणि सडक्या अंड्याच्या वासाने मला मागे ढकललं. "आज नको," मी म्हटलं. "तुम्ही शब्द दिला होतात." ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होते. म्हणाले, "इतके दिवस नाक नव्हते. आज तुमचे आहे की वर. ते पुरे." आणि मी काही बोलायच्या आत पहिल्या पायरीवर होते.

मी झाकणाच्या कडेला गुडघे टेकून बसले. त्यांचं पांढरं डोकं खाली खाली गेलं. मी आयुष्यात इतकं मन लावून वास घेतला नव्हता. घाण होती, पण होती. प्रत्येक श्वासाला मी मनात म्हणत होते, आहे, आहे. खालून बाटली भरल्याचा बुडबुड आवाज आला.

मग वास गेला. वाऱ्याने हलावा तसा नाही गेला. असताना नाहीसा झाला.

"वास थांबला," मी म्हटलं. ते खाली पोचलं नाही.

"बुडबुडा राहिला, अम्मा. पुन्हा भरतो."

"वास थांबला, राव सार. वर या."

त्यांनी वर पाहिलं. त्यांनीच शिकवलेलं वाक्य होतं, त्यावर त्यांना वाद घालता येईना. ते पायऱ्या चढू लागले. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीवर पाय घसरला आणि हात सुटल्यासारखा झाला. ड्रायव्हर पालथा पडला, त्याने मनगट पकडलं, मी शर्टाची कॉलर पकडली. कसे बाहेर काढले मला सांगता येणार नाही. भिंतीशी बसून ते ओकले. ओठ पांढरे झाले होते. माझं डोकं फुटत होतं. बऱ्याच वेळाने मला ड्रायव्हरच्या बिडीचा वास आला आणि मी रडायला लागले.

त्यांना बोलता आलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बाटली खाली राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. नाकाचं, फॉर्मचं, नाल्याचं. राव सारांना आधी सांगून जायला हवं होतं. मी त्यांच्या टेबलावरून, त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले, पण सांगून गेले नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं आणि मी थांबले असते, याची मला भीती होती.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना काढलं नाही. खाली नमुने जमा करून घेण्याच्या टेबलावर बसवलं, पंखा दिला, पगारही तोच ठेवला. नाल्यासाठी दुसरा माणूस कोणी उभा राहीना, उभं राहावं असं मलाही म्हणवेना. आठवड्याभरात नवा फॉर्म छापून आला. सुरक्षेच्या कारणास्तव पाचवं ठिकाण वगळलं होतं. सहा ओळी होत्या. सगळ्यांत घाण ओळ गेल्यामुळे नदीची सरासरी एकदम सुधारली, आणि ज्यांच्यासाठी आम्ही हे काम करायचो त्या लोकांनी आमचं कौतुक केलं. नाला आहे तिथेच वाहतोय.

राव सार माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. नव्या टेबलावर बसले त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे "काय राव सार, बरं आहे ना?" म्हटलं. त्यांनी उठून हात जोडले. "वणक्कम, मॅडम," ते म्हणाले, आणि तमिळमध्ये विचारलं, काय काम आहे?

मला आधी वाटलं चेष्टा आहे. पण दुपारीही तमिळ, दुसऱ्या दिवशीही तमिळ. शुद्ध, आदबशीर, मला समजावं म्हणून सावकाश. सोमवारी डबी आली नाही. मी मराठीत बोलायचे, ते तमिळमध्ये उत्तर द्यायचे. मला तमिळ चांगलं येऊ लागलं ते त्या वर्षभरात, त्यांच्याकडून. सगळे मला शाबासकी देत. मी मनातून कुढत असे. तुम्ही म्हणाल, जीव वाचवला की, आणखी काय हवं? मीही स्वतःला तेच सांगते. दहापैकी नऊ वेळा ते पटतं.

ते नोकरीतून मोकळे झाले त्या दिवशी ऑफिसात हार घातला, केळीच्या पानावर जेवण झालं, फोटो निघाले. मी गुरुवारचे फॉर्म भरत होते, गंधाचा रकाना आता माझ्याकडे होता. संध्याकाळी ते हातात पिशवी घेऊन एकेकाच्या टेबलापाशी गेले. माझ्यापाशी आले. फॉर्मवर नजर टाकली. चौथ्या आणि पाचव्या ओळींच्या मधे, जिथे नाला असायचा, तिथे बोट ठेवलं आणि क्षणभर तसंच ठेवून उभे राहिले. मी म्हटलं, "राव सार, मी दुसरं काय करणार होते?" बोट उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, मायाच होती, आणि म्हणूनच मला ती सहन होईना.

"पोयिट्टु वरेन, मॅडम," ते म्हणाले.

म्हणजे, जाऊन येतो. आपल्यातही निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मी म्हटलं, "या." ते जिना उतरून गेले. तिरुवल्लिकेणी इथून एका बसवर आहे. दोन वर्षं झाली. ते आले नाहीत, आणि मी त्या बसमध्ये बसले नाही. त्यांचं दार उघडल्यावर आतून कुठल्या भाषेत "या" ऐकू येईल, याची मला अजून भीती वाटते.